कॅट आणि एमबीए सीईटी: नोकरी सांभाळून तयारी कशी करावी?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर बी.कॉम. एमबीए करायचं हे पक्कं ठरलंय आणि विषयही ठरलाय, वित्त. कर्ज मागायला आलेल्या माणसाची फेडण्याची ताकद आम्ही ज्या पद्धतीने जोखतो ती अपुरी आहे, असं रोज काम करताना जाणवतं. दोन जामीनदार आणि सोन्याचं तारण याच्या पलीकडे आम्ही जातच नाही. हे नीट कसं करतात ते मला शिकायचंय.

नोव्हेंबरअखेरची कॅट (आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेशपरीक्षा) आणि पुढे मार्च-एप्रिलच्या सुमाराची राज्याची एमबीए सीईटी, दोन्ही द्यायच्या आहेत. आत्ता जून चालू आहे. नोकरी सोडता येणार नाही, घरी पगाराची गरज आहे. हातात संध्याकाळी सातनंतरचा वेळ आणि रविवार.

अडचण अशी की इंग्रजी उतारा वाचताना शब्द कळतात, पण चौथ्या परिच्छेदाला पोचेपर्यंत पहिल्यात काय होतं ते निसटतं. गणिताची भीती नाही. डीआयएलआरचे, म्हणजे आकडेवारी आणि तर्काचे, सेट मात्र बघितले की कुठून हात घालावा तेच समजत नाही. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र होते का? आणि क्लास लावायलाच हवा का? इथल्या ओळखीच्या मुली त्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहिल्यात, मला ते जमणार नाही.

घाटमाथा:

धागा चांगला काढलात. आधी दोन्ही परीक्षांचा साचा मांडतो, म्हणजे पुढची चर्चा त्यावर करता येईल.

कॅट दोन तासांची. तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि एका भागातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. २०२४ ला एकूण ६८ प्रश्न होते: व्हीएआरसी (इंग्रजी वाचन आणि भाषा) २४, डीआयएलआर २२, गणित २२. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर १ वजा. ज्या प्रश्नांत उत्तर स्वतः टाइप करायचं असतं त्यांना वजा गुण नाहीत, त्यामुळे ते कधीच कोरे सोडायचे नाहीत.

सीईटी अगदी वेगळी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, वजा गुण नाहीत. तार्किक ७५, आकृत्यांचे २५, गणित ५०, इंग्रजी ५०. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. कॅटमध्ये विचार करायला वेळ मिळतो, सीईटीत हात थांबवायचा नाही. मी सीईटीतूनच मुंबईत शिकलो. कागदपत्रांबद्दल नंतर सविस्तर लिहितो, तिथे दरवर्षी मुलांचे हाल होतात.

पाटीपेन्सिल:

कृष्णाकाठ, तुझं नेमकं लिहिणं बघून बरं वाटलं. मी पुण्यात बरीच वर्षं या परीक्षांसाठी मुलांना शिकवते, तरी सांगते की क्लास लावलाच पाहिजे असं अजिबात नाही. घरी बसून शिस्तीत अभ्यास होत असेल तर चांगल्या सराव परीक्षांचा एक संच आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढं पुरतं.

मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. कॅट ही काय सोडायचं हे ठरवण्याची परीक्षा आहे. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी ती दिली. ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या पुढे जेमतेम तीन हजार माणसं. आणि गेल्या काही वर्षांत त्या जागी पोचायला एकूण गुणांच्या निम्मेही लागलेले नाहीत. ६८ पैकी तीसेक प्रश्न बरोबर आणि चुका थोड्या, एवढ्यावर माणूस तिथे जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त पेपर तुला सुटणार नाही, आणि तो सुटावा अशी अपेक्षाही नाही. आपल्या शाळेच्या सवयीला हे पचत नाही. पहिला प्रश्न आला की तो पुरा केल्याशिवाय पान उलटायचं नाही, असं आपल्याला दहावीपर्यंत घोटून शिकवलेलं असतं. हुशार मुलं ह्यातच अडकतात. अवघड प्रश्नाला बारा मिनिटं देतात, तो सोडवूनही दाखवतात, आणि पुढे पडलेले तीन सोपे प्रश्न त्यांच्या नजरेलाही पडत नाहीत.

डीआयएलआरमध्ये हे सर्वात जास्त दिसतं. २०२४ ला पाच सेट होते, दोन सेटमध्ये पाच-पाच प्रश्न आणि तिघांत चार-चार. घड्याळ सुरू झाल्यावर पहिली पाच-सहा मिनिटं एकही सेट सोडवायचा नाही. पाचही वाचायचे आणि कागदावर क्रम लावायचा. तीन सेट पूर्ण आणि अचूक झाले तर त्या भागात तू उत्तम जागी असतेस.

कृष्णाकाठ:

पाटीपेन्सिलताई, खूप धन्यवाद. पण क्रम लावायचा कशावरून? मला तर वाचून पाचही सारखेच अवघड वाटतात.

पाटीपेन्सिल:

बरोबर शंका आहे. उदाहरणच घेऊ.

पाच संघ, फुटबॉलची साखळी स्पर्धा, प्रत्येक जण दुसऱ्याशी एकदा खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला दोघांना १-१, हार म्हणजे शून्य. शेवटी गुण असे: कोल्हापूर १०, सातारा ७, बीड ५, लातूर ४, धुळे १. बीडची ना कोल्हापूरशी बरोबरी झाली, ना धुळ्याशी. आता प्रत्येक सामन्याचा निकाल सांग.

पहिल्या वाचनात वाटतं की माहिती फार कमी आहे. बहुतेक मुलं तक्ता काढून अंदाजाने भरू लागतात. तसं करू नकोस, आधी बेरीज कर. एकूण सामने १०. सगळे निकाली लागले असते तर ३० गुण वाटले गेले असते. प्रत्येक बरोबरीत एक गुण कमी वाटला जातो. इथली बेरीज २७, म्हणजे बरोबऱ्या नेमक्या तीन.

आता प्रत्येक संघ चार सामने खेळला. १० गुण म्हणजे ३ विजय, १ बरोबरी. ७ म्हणजे २ विजय, १ बरोबरी, १ हार. ५ म्हणजे १ विजय, २ बरोबऱ्या, १ हार. १ म्हणजे १ बरोबरी, ३ हारी. लातूरच्या ४ गुणांच्या मात्र दोन शक्यता: १ विजय आणि १ बरोबरी, किंवा चारही बरोबऱ्या. तीन बरोबऱ्यांमध्ये दोन्ही बाजू धरून सहा नोंदी असतात. बाकी चौघांच्या मिळून पाच होतात, तेव्हा लातूरच्या वाट्याला एकच उरते. दुसरी शक्यता इथेच बाद.

बीडच्या दोन बरोबऱ्या कोल्हापूर आणि धुळे सोडून, म्हणजे सातारा आणि लातूरशी. त्या दोघांचा कोटा तिथेच संपला. उरलेली बरोबरी कोल्हापूर आणि धुळे यांच्यात. पुढचं आपोआप उलगडतं: कोल्हापूरने बाकी तिघांना हरवलं, साताऱ्याने लातूर आणि धुळ्याला, बीडने धुळ्याला, लातूरने धुळ्याला. पहिल्या नंबरच्या संघाचे गुण फक्त तळाच्या संघाने कापले, आणि हे दिलेल्या माहितीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सेट वाचताना हे शोध: बेरीज ठरलेली आहे का, मोजता येण्याजोग्या थोड्या शक्यता आहेत का, एखादी अट कोणाला ठामपणे बांधते का? असं काही दिसलं तर तो सेट वर. नियमच अर्धं पान भरून असतील आणि प्रत्येक प्रश्नात ‘जर’ म्हणून नवीन अट जोडली असेल तर तो खाली. सेट आकाराने छोटा आहे म्हणून सोपा समजू नकोस. मोठे तक्ते भीतीदायक दिसतात, पण त्यात कित्येकदा नुसती आकडेमोड असते, आणि कॅटमध्ये पडद्यावर साधा कॅल्क्युलेटर दिलेला असतो.

घाटमाथा:

अप्रतिम. हा सेट माझ्या भाच्याला पाठवला.

नीलमोहर:

कृष्णाकाठ, मीही मराठी माध्यमाची, परभणीची. उताऱ्यांबद्दल लिहिते, कारण ती अडचण मला आतून माहीत आहे.

व्हीएआरसीत २४ पैकी १६ प्रश्न उताऱ्यांचे असतात, चार उतारे आणि प्रत्येकी चार प्रश्न. बाकी आठ छोटे: विस्कटलेली वाक्यं क्रमाने लावणे, सारांश निवडणे, वाक्य कुठे बसेल ते सांगणे, असे. शब्दसंग्रह पाठ करण्यात वेळ घालवू नका. अडतं ते लेखकाचं म्हणणं कसं पुढे सरकतंय हे न कळल्यामुळे. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की मान वर करायची आणि मराठीत एक वाक्य मनात म्हणायचं: इथे लेखकाने काय केलं? मत मांडलं, उदाहरण दिलं, समोरच्याचा आक्षेप विचारात घेतला की स्वतःच्याच मताला मुरड घातली? सुरुवातीला ते वाक्य समासात लिहून काढायचं. काही आठवड्यांनी लिहायची गरज उरत नाही. चौथ्या परिच्छेदाला पहिला विसरणं हे यानेच थांबतं, कारण आता तपशील लक्षात ठेवायचे नसतात, चार वाक्यं लक्षात ठेवायची असतात.

सराव मराठीतूनही होतो. वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या आणि दावा कोणता, कारण कोणतं, विरोधी मत कुठे येऊन गेलं हे पेन्सिलीने खुणा करत वाचा. नंतर तीच नजर इंग्रजी लेखांवर न्या. एऑन या संकेतस्थळावरचे निबंध, गार्डियनचे दीर्घ लेख फुकट वाचता येतात. तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, अर्थकारण, कलेचा इतिहास, जे आपण एरवी वाचत नाही तेच मुद्दाम वाचायचं. उताऱ्याचा विषय अनोळखी निघाला की घाबरायला होतं, ती भीती या वाचनाने कमी होते.

पर्याय कसे फसवतात त्याचा नमुना मराठीतच देते:

‘शहरात झाडांची सावली वाढली की रस्त्यांचं तापमान उतरतं, हे खरं. पण महापालिका झाडं लावते ती रुंद रस्त्यांवर, आणि रुंद रस्ते असतात सधन वस्त्यांत. दाट वस्तीत झाडाला जागाच सोडलेली नसते. त्यामुळे वृक्षारोपणाचा निधी वाढवला तरी उन्हाची झळ ज्यांना सर्वाधिक लागते त्यांच्यापर्यंत तो पोचेलच असं नाही.’

लेखकाचं मुख्य म्हणणं काय? पर्याय: झाडांमुळे तापमान कमी होतं. महापालिकेने वृक्षारोपणावर खर्च करू नये. सधन लोकांना पर्यावरणाची पर्वा नसते. जागेचा प्रश्न न सोडवता नुसता खर्च वाढवून सावलीतली विषमता मिटणार नाही.

पहिला पर्याय खरा आहे, उताऱ्यात आहे, पण लेखक तो मान्य करून पुढे गेलाय. घाईत सर्वात जास्त मुलं हाच निवडतात. दुसरा लेखकाच्या म्हणण्याला टोकाला नेतो. तिसरा उताऱ्यात कुठेच नाही, आपल्या मनातला राग तो तिथे घुसवतो. चौथा बरोबर. परीक्षेत याच तीन प्रकारचे सापळे फिरून फिरून येतात. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे ते यातलं कुठलं होतं हे लिहून ठेवा.

सरळरेषा:

नीलमोहर यांच्याशी थोडा असहमत. नोकरी करणाऱ्या माणसाला निबंध वाचत बसायला वेळ कुठे? जून ते नोव्हेंबरमध्ये वाचनाची सवय घडत नाही. त्याऐवजी २०१७ पासूनच्या खऱ्या प्रश्नपत्रिकांमधले उतारे तीन-तीनदा सोडवा. कॅटच्या पर्यायांची भाषा इतर कुठल्याही संचात सापडत नाही. प्रश्न काढणाऱ्याची नजर कळते ती त्यातूनच.

नीलमोहर:

जुन्या प्रश्नपत्रिका हव्यातच, त्याला माझी ना नाही. पण त्या मोजक्या आहेत. वाचनाचा वेग आणि दम नसताना त्या जूनमध्येच संपवल्या तर ऑक्टोबरमध्ये काय सोडवणार? घर ते ऑफिस बसमध्ये बसून एक लेख होतो. तेवढंच म्हणतेय मी.

पाटीपेन्सिल:

दोघांचंही खरं आहे, क्रम महत्त्वाचा. सप्टेंबरपर्यंत वाचन आणि सरावातले उतारे, त्यानंतर खऱ्या प्रश्नपत्रिका. शेवटच्या दोन वर्षांच्या मात्र हात न लावता ठेवा. त्या नोव्हेंबरमध्ये घड्याळ लावून, पूर्ण दोन तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवायच्या.

आता गणित. कृष्णाकाठला भीती नाही म्हणते ते चांगलं आहे, आणि इथे मराठी माध्यमाची मुलं मागे नसतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघतेय. शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, नफा-तोटा, काळ-काम-वेग, सरासरी, मिश्रण हे अंकगणित आणि त्याला जोडून बीजगणित, एवढ्यातच पेपरचा मोठा भाग येतो. बालभारतीची आठवी ते दहावीची गणिताची पुस्तकं काढ आणि अंकगणित-बीजगणिताची प्रकरणं पुन्हा कर. यात कमीपणा मानू नकोस. कॅटचा प्रश्न अवघड वाटतो तो सूत्र अवघड असतं म्हणून नाही, साधं सूत्र नको तिथून वापरायला सांगतात म्हणून.

हे बघ: क्ष आणि य धन पूर्णांक आहेत, क्ष वर्ग वजा य वर्ग बरोबर १०५. अशा किती जोड्या? आकडे घालून बघत बसलीस तर दहा मिनिटं गेली. आठवीतले अवयव आठव: (क्ष − य)(क्ष + य) = १०५. आता १०५ चे दोन-दोन अवयव: १ आणि १०५, ३ आणि ३५, ५ आणि २१, ७ आणि १५. सगळे विषम, म्हणून बेरजेचं निम्मं पूर्णांकच येतं. उत्तर ४. जोड्या काढायच्या झाल्या तर ५३-५२, १९-१६, १३-८, ११-४. पण त्या विचारलेल्याच नाहीत, तेव्हा काढायच्या नाहीत. मिनिटभरात पुढे.

कृष्णाकाठ:

हे फार आवडलं. अंदाजाने उत्तर मारावं की नाही, यावर मात्र दोन्ही बाजूंचं ऐकलंय.

पाटीपेन्सिल:

हिशेब तूच कर, तुझं कामच ते आहे. चार पर्याय, काहीच माहीत नाही: चारातून एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो. हाती शून्य. म्हणजे आंधळ्या अंदाजात ना फायदा ना तोटा, फक्त वेळ जातो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तीनातून एकदा ३ मिळणार, दोनदा १ जाणार, म्हणजे थोडा फायदा. दोन बाद झाले तर नक्की उत्तर द्यावं. सीईटीत हा विचारच नको, शेवटच्या दोन मिनिटांत उरलेलं सगळं भरून टाकायचं.

वसंतकाका_नागपूर:

मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक वर्ष घरी बसून फक्त कॅट करते म्हणते. पैसे भरायची माझी तयारी आहे, पण वर्ष रिकामं जाण्याची काळजी वाटते. नागपुरात २०१५ पासून आयआयएम आहे, मुंबईतलं १९६३ चं नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं, तेव्हा जागा वाढल्यात असंही ऐकतो.

पाटीपेन्सिल:

काका, जागा वाढल्यात हे खरं. पण नुसत्या कॅटच्या आकड्यावर आयआयएम प्रवेश देत नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव, शाखेतली विविधता, मुलगी असणं, या सगळ्याला संस्थेगणिक कमी-जास्त वजन असतं, आणि पुढे मुलाखत. कॅटचा आकडा एकाच प्रवेशवर्षापुरता चालतो. म्हणून मी नोकरीसकट तयारी करायलाच सांगते. वर्षाचा अनुभव पदरात पडतो आणि मुलाखतीत बोलायला काहीतरी खरं असतं. कृष्णाकाठने पहिल्या परिच्छेदात पतसंस्थेतल्या कर्जाबद्दल जे लिहिलंय ना, ते मुलाखतीत सांगण्यासारखं आहे. तुमची मुलगी शेवटच्या वर्षात असतानाही कॅट देऊ शकते. यंदाच देऊ द्या, मग ठरवा.

वसंतकाका_नागपूर:

हे पटलं. आजच तिच्याशी बोलतो. आभारी आहे.

घाटमाथा:

आता कागदपत्रं. हे कंटाळवाणं आहे, पण प्रवेश इथेच हुकतात.

राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, मुलाखत नाही. गुणवत्ता यादी परीक्षेच्या आकड्यावर लागते. दहावी-बारावीला कमी गुण असतील त्यांच्यासाठी हा मोकळा रस्ता आहे. जेबीआयएमएस (जमनालाल बजाज संस्था), सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग पुम्बा, हे सगळं यातून मिळू शकतं. जेबीआयएमएस १९६५ पासून मुंबईत आहे आणि वित्त हवं असलेल्या मुलांची पहिली पसंती बहुतेक तीच असते.

राखीव प्रवर्गातून अर्ज करायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ जातो, म्हणून आत्ताच अर्ज टाका. नॉन क्रीमीलेयर त्या वर्षी चालू असलेलं हवं. अधिवास प्रमाणपत्रही काढून ठेवा.

आणि एक फरक नीट लक्षात घ्या. कॅटच्या अर्जात केंद्राचे प्रवर्ग असतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे आपल्या राज्यातले रकाने तिथे नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघायचं, आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला तहसीलमधून काढायचा. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. पतसंस्थेतून अर्धा दिवस रजा टाकून हे काम जुलैतच उरका. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होतात, सप्टेंबरात बंद.

फीचंही बघा. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना लागू होतात. संस्थेच्या कोट्यातून थेट प्रवेश घेतला तर त्या हातच्या जातात. सुरुवातीला जागा हातात आल्याच्या आनंदात हे कोणी विचारत नाही.

अनुस्वार:

चर्चेत जीमॅट, म्हणजे देश-विदेशातल्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेशपरीक्षा, आलं नाही म्हणून थोडं लिहितो. चार-पाच वर्षं नोकरी झालेल्यांनी आणि परदेशाचा किंवा आयएसबी या इथल्या खासगी व्यवस्थापन संस्थेचा विचार असलेल्यांनी ते बघावं. नोव्हेंबर २०२३ पासून त्याचा नवा साचा आहे: सव्वादोन तास, ६४ प्रश्न, गणित २१, इंग्रजी २३, डेटा इनसाइट्स २०, प्रत्येकी ४५ मिनिटं. भूमिती गेली, व्याकरणाचे वाक्य सुधारण्याचे प्रश्न गेले, निबंध गेला. गुण २०५ ते ८०५. आकडा पाच वर्षं चालतो, हा मोठा फायदा.

ही परीक्षा उत्तरागणिक बदलते. तुम्ही बरोबर देत गेलात की पुढचे प्रश्न अवघड येतात. त्यामुळे इथे पाटीपेन्सिल यांचं ‘सोडून द्या’ तसंच्या तसं चालत नाही. प्रश्न वगळून पुढे जाता येत नाही, काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. भागाच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन तीनपर्यंत उत्तरं बदलता येतात. पण मूळ मुद्दा तिथेही लागू आहे: एका प्रश्नात सहा मिनिटं अडकलात तर शेवटचे प्रश्न वाचायलाही मिळत नाहीत, आणि भाग अपुरा राहिला तर गुण कापले जातात. जीमॅट घेणारी संस्था दोन सराव परीक्षा मोफत देते. आधी त्यातली एक द्या, मग पुस्तकं घ्या.

कृष्णाकाठ:

अनुस्वार, माझा अनुभव अजून तेवढा नाही, पण माहिती जपून ठेवते. घाटमाथादादा, केंद्राच्या दाखल्याचं मला खरंच कोणी सांगितलं नव्हतं. सोमवारीच तहसीलला जाते.

पाटीपेन्सिलताई, सराव परीक्षा कधीपासून द्यायच्या? आणि सीईटीसाठी वेगळं काय?

पाटीपेन्सिल:

ऑगस्टपासून पंधरा दिवसांतून एक, ऑक्टोबरपासून दर रविवारी एक. याहून जास्त नको. परीक्षा दोन तासांची असते, तिचं विच्छेदन चार तासांचं. ते जमणार नसेल तर परीक्षा देऊच नकोस. उत्तरं बघायच्या आधी, चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडव. मग वहीत प्रत्येकापुढे कारण लिही: संकल्पनाच माहीत नव्हती, माहीत होती पण वेळ पुरला नाही, वाचताना चुकले, की हात घालायलाच नको होता. पहिल्या कारणावर उपाय पुस्तकात आहे. शेवटचं कारण सर्वात महाग पडतं, आणि ते फक्त अशा वहीतूनच दिसतं. पर्सेंटाइल काय आला हे बघून मुलं दिवसभर हसतात किंवा रडतात आणि वही कोरी राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅट सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार अशा तीन सत्रांत होते. सत्र आपल्या हातात नसतं. रविवारच्या परीक्षा आलटून पालटून या तिन्ही वेळांना दे.

सीईटीचं गणित आणि इंग्रजी कॅटच्या तयारीत होऊन जातं. आकृत्यांचे प्रश्न आणि बैठक व्यवस्था, नाती, संकेत, विधान-निष्कर्ष यांचा वेग हे मात्र वेगळं करावं लागतं. डिसेंबर ते परीक्षेपर्यंत तेच. रोज शंभर प्रश्न सव्वा तासात, एवढा सराव धर.

आणि आता नवा सेट. एका बचत गटात क, ख, ग, घ, च अशा पाच जणी. प्रत्येकीने वेगळी रक्कम भरली, सगळ्या रकमा शंभराच्या पटीत, बेरीज १५००. क आणि ख मिळून भरतात तेवढे ग एकटी भरते. घ ने च पेक्षा ३०० जास्त भरले. क ने ख पेक्षा जास्त भरले आणि ख ने च पेक्षा. ग ची रक्कम किती?

कृष्णाकाठ:

आधी बेरीज. पाच वेगळ्या रकमा, शंभराच्या पटीत: कमीत कमी घेतल्या तरी १०० ते ५०० मिळून १५०० होतात. म्हणजे याच पाच रकमा, दुसऱ्या शक्यच नाहीत. घ-च मध्ये ३०० चा फरक म्हणजे ४००-१०० किंवा ५००-२००. दुसरी जोडी घेतली तर उरतात १००, ३००, ४००, आणि ख ला १०० येतात, पण ते च च्या २०० पेक्षा कमी, म्हणून बाद. पहिल्या जोडीत उरतात २००, ३००, ५००. ख २००, क ३००, ग ५००. उत्तर ५००. बरोबर ना ताई?

पाटीपेन्सिल:

अगदी बरोबर, आणि मांडणीही स्वच्छ. आता ‘ख ने च पेक्षा जास्त भरले’ ही अट काढून टाक आणि किती मांडण्या उरतात ते सांग. शिवाय पाचपैकी एकही रक्कम अशी उरते का, जी प्रत्येक मांडणीत तीच राहते? काका, तुमच्या मुलीलाही बसवा सोडवायला. रविवारी संध्याकाळी इथेच पुढचा सेट टाकते, तोपर्यंत कोणी उत्तर फोडू नका.